परवाना नाकारल्यानंतरचे नव्वद दिवस

पेण तालुक्याच्या खारेपाटांत खाडीचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात. मोठ्या उधाणाला कधीं कधीं या बांधास खांड पडते आणि खारें पाणी भाताच्या शेतांत पसरतें. अशा वेळीं गांवकरी पाणी आंत येण्याची वाट प्रथम अडवितात आणि पुढचें उधाण येण्यापूर्वीं खांड बुजवितात. बांध कोणाच्या हयगयीनें फुटला, हा वाद मागाहून होतो. मुदतींत खांड बुजली तर जमीन वांचते; न बुजली तर खारवलेली जमीन पुन्हां पिकाला यावयास कित्येक पावसाळे जावे लागतात.

परदेशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाचा कामाचा परवाना, म्हणजे ज्याला सर्वजण वर्क परमिट म्हणतात तो, वाढवून देण्याचें तेथील सरकारनें नाकारलें म्हणजे त्या माणसावर असाच प्रसंग येतो. या प्रसंगीं कायदा कोणती सवड देतो, ती किती दिवसांची असते, आणि त्या दिवसांत काय करावें व काय करूं नये, हें समजून घेणें परदेशीं गेलेल्यांइतकेंच घरीं राहिलेल्यांनाहि अगत्याचें आहे. नकाराचें पत्र टोरांटोला किंवा ब्रॅम्प्टनला पोहोंचलें, तरी पुढें काय करावयाचें हें पुष्कळदां पेणच्या किंवा रोह्याच्या माजघरांत ठरत असतें.

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्याच्या, या भागाला परदेशगमन नवें नाहीं. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोंकणांत शनवार तेली म्हणत, त्या बेने इस्रायल समाजांत पेणकर, रोहेकर अशीं आडनांवें आहेत. सन १९४८ नंतर या समाजाचे हजारों लोक इस्रायलला गेले. सन १९५० च्या तेथील परतीच्या कायद्यानें ज्यू मनुष्याला त्या देशांत येऊन वसण्याचा हक्कच दिलेला होता. पुढें विवाहाच्या बाबतींत त्यांच्या ज्यूपणाविषयीं तेथील धर्मपीठानें शंका काढली, तेव्हां त्यांनीं ती गोष्ट लपविली नाहीं. उघडपणें दाद मागितली, आणि सन १९६४ मध्यें तेथील क्नेसेटनें त्यांच्या बाजूनें ठराव केला.

आज या गांवांतून जो तरुण कॅनडांत किंवा आखातांत जातो, त्याची गोष्ट निराळी आहे. तो हक्कानें जात नाहीं, परवानगीनें जातो. परवानगीला मुदत असते, अटी असतात, आणि ती पुढें चालूं ठेवण्याचें नाकारतांहि येतें. मात्र परवानगी नाकारली म्हणजे माणूस गुन्हेगार ठरला, असें मुळींच नव्हे. हा समज चुकीचा असून त्यापायींच बहुतेक अनर्थ घडतात.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. परवाना हा कागद आहे. दर्जा ही स्थिति आहे. कॅनडांत तात्पुरत्या मुदतीसाठीं राहणारा परदेशी माणूस पाहुणा, विद्यार्थी किंवा कामगार यांपैकीं कोणत्या तरी एका दर्जानें राहतो. सामान्यतः परवान्याची मुदत संपली कीं दर्जाहि संपतो. पण नेहमींच तसें होत नाहीं, आणि कायद्यानें ठेवलेली सवड नेमकी या दोहोंच्या मधल्या जागेंत आहे.

उदाहरणादाखल रोह्याचा एक तरुण कल्पावा. धाटावच्या एखाद्या रसायनाच्या कारखान्यांत कांहीं वर्षें काढून तो कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतांत नोकरीस गेला आहे. त्याच्या परवान्याची मुदत ३१ मार्चला संपते. त्यानें १० मार्चलाच मुदतवाढीचा अर्ज फीसह रुजूं केला. निकाल यावयास ऑगस्ट उजाडला. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत त्याची स्थिति काय होती? कॅनडाच्या नियमांप्रमाणें, मुदत संपण्यापूर्वीं अर्ज केलेला असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराचा दर्जा कायम राहतो, आणि तो देशांतच असेल तर जुन्या परवान्याच्या अटींवर त्याला काम करतां येतें. म्हणजे त्या पांच महिन्यांतील त्याची नोकरी पूर्णपणें कायदेशीर होती.

आतां २० ऑगस्टला नकाराचा निर्णय झाला असें समजावें. त्या दिवशीं दोन गोष्टी एकदम घडतात. त्याचा दर्जा जातो, आणि काम करण्याची त्याची मुभा संपते. त्याच दिवसापासून ९० दिवसांची मुदत सुरू होते. या हिशेबानें १८ नोव्हेंबर हा त्याचा अखेरचा दिवस होय. तेवढ्या अवधींत त्याला गेलेला दर्जा परत मिळण्यासाठीं अर्ज करतां येतो. सन २००२ पासून अमलांत असलेल्या तेथील स्थलांतर व निर्वासित संरक्षण नियमावलीच्या १८२ व्या कलमांत ही तरतूद आहे.

परंतु प्रत्येक नकारानें ही मुदत लगेच सुरू होते असें नाहीं. पेणच्या एखाद्या मुलीचा परवाना ३० सप्टेंबरपर्यंत चालूं आहे, आणि तिचा मुदतवाढीचा अर्ज ऑगस्टमध्येंच नाकारला गेला, तर तिचा दर्जा गेलेला नसतो. ३० सप्टेंबरपर्यंत तिनें खुशाल काम करावें, आणि त्यापूर्वींच दोष दूर करून नवा अर्ज द्यावा. तिला दर्जा परत मागण्याचें कारणच नाहीं. याउलट ज्यानें मुदतीपूर्वीं अर्जच केला नाहीं, त्याचा दर्जा परवान्याबरोबर संपला. ३० सप्टेंबरला मुदत सरली असेल तर त्याचे ९० दिवस २९ डिसेंबरला पुरे होतात.

येथें आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. अर्ज नाकारला जाणें वेगळें आणि अर्ज परत येणें वेगळें. सही राहिली, फी कमी भरली, आवश्यक फॉर्म जोडला नाहीं, अशा कारणानें अपुरा अर्ज कचेरी परत पाठविते. असा अर्ज मुळीं दिलाच नव्हता असें धरलें जातें. त्यामुळें अर्ज केला आहे या भरंवशावर काम करीत राहिलेल्या माणसाचा दर्जा प्रत्यक्षांत मुदतीच्या दिवशींच गेलेला असूं शकतो. म्हणून हातीं आलेलें पत्र नकाराचें आहे कीं परतीचें आहे, हें प्रथम नीट वाचून पाहिलें पाहिजे.

दर्जा परत देणें ही अधिकाऱ्याची मेहेरबानी आहे, असा पुष्कळांचा ग्रह असतो. तोहि बरोबर नाहीं. नियमाची भाषा अशी आहे कीं, अर्ज ९० दिवसांत आला, अर्जदार आपल्या वास्तव्याच्या मूळ अटी अद्यापि पुऱ्या करतो आणि त्यानें दुसऱ्या कोणत्याहि अटीचा भंग केलेला नाहीं, असें दिसून आल्यास अधिकाऱ्यानें दर्जा परत द्यावयाचा आहे. म्हणजे मुदत, पात्रता आणि निष्कलंक वर्तन या तीन खांबांवर हा अर्ज उभा असतो. यांतील एक खांब ढळला तरी अर्ज पडतो.

तिसरा खांब सर्वांत सहज ढळतो. नकार आल्यानंतरहि घराचें भाडें थांबत नाहीं आणि इकडे बँकेचा हप्ताहि थांबत नाहीं. अशा वेळीं ओळखीचा एखादा दुकानदार म्हणतो, “रोखीनें पैसे देतों, कागदावर नांव नको.” घरून फोनवर कोणी म्हणतें, “अरे, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, काम सोडूं नकोस.” ही सल्ला मायेपोटीं दिलेली असते, पण तीच घातक ठरते. मुभा संपल्यावर केलेलें काम हें अटीचें उल्लंघन होय, आणि जो अर्ज मान्य होण्याजोगा होता तो त्या एका कारणानें नाकारला जाऊं शकतो. दर्जा परत मिळेपर्यंत, म्हणजे अर्ज दिल्यानंतर वाट पाहण्याच्या दिवसांतहि, काम करतां येत नाहीं. तीन-चार महिने मिळकतीवांचून काढावयाचे, ही या मार्गाची खरी किंमत आहे. घरच्या मंडळींनीं त्या काळापुरता हप्त्याचा भार उचलला, तर परदेशांतील मुलाला कोणत्याहि वकिलापेक्षां अधिक मोठें साह्य होतें.

दुसरा खांब पात्रतेचा. तो सांवरण्यासाठीं नकाराचें कारण कळलें पाहिजे. पत्रांत तें बहुधा चार-दोन ठराविक वाक्यांत असतें. जुलै २०२५ पासून कांहीं प्रकारच्या नकारांबरोबर अधिकाऱ्याचीं टिपणेंहि आपण होऊन पाठविण्यास तेथील खात्यानें सुरुवात केली आहे. तीं आलीं नसतील तर माहिती मिळविण्याच्या कायद्याखालीं ५ डॉलर फी भरून मागतां येतात. परंतु तीं येईपर्यंत ९० दिवसांची मुदत थांबत नाहीं, हें विसरतां कामा नये.

नकाराचीं कारणें स्थूलमानानें तीन प्रकारचीं असतात. पहिला प्रकार कागदांच्या उणीवेचा. मालकाचें पत्र अपुरें होतें, अनुभवाचा दाखला जोडला नव्हता, अथवा पासपोर्टची मुदतच संपत आली होती. पासपोर्टच्या मुदतीपलीकडचा परवाना कॅनडांत देत नाहींत. अशी उणीव बहुधा भरून काढतां येते; त्यासाठीं जुन्या कारखान्याचा दाखला, विवाहाची नोंद, शाळा-कॉलेजांचीं प्रमाणपत्रें हे कागद पेण-रोह्याहून तांतडीनें पाठवावे लागतात.

दुसरा प्रकार पाया गेल्याचा. कित्येक परवाने मालकानें मिळविलेल्या अनुकूल अभिप्रायावर दिले जातात. या जागेवर परदेशी माणूस नेमल्यानें देशांतील कामगारांचें नुकसान होणार नाहीं, असा तो अभिप्राय असतो. त्याला तेथें एलएमआयए म्हणतात. ज्या शहरी विभागांत बेकारीचें प्रमाण ६ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तेथील कमी वेतनाच्या बहुतेक जागांसाठीं हे अर्ज विचारांत न घेण्याचें धोरण २६ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालें. बांधकाम, आरोग्य, अन्नव्यवसाय अशा कांहीं क्षेत्रांना त्यांतून वगळण्यांत आलें. त्यापूर्वीं मार्च २०२४ मध्येंच तात्पुरत्या रहिवाशांचें प्रमाण लोकसंख्येच्या ५ टक्क्यांपर्यंत खालीं आणण्याचा निश्चय त्या सरकारनें जाहीर केला होता. शिक्षण पुरें झाल्यावर मिळणारा कामाचा परवाना तर सामान्यतः आयुष्यांत एकदांच मिळतो. अशा परिस्थितींत तोच अर्ज पुन्हां दिल्यानें कांहीं साधत नाहीं. नवा मालक, नवा अभिप्राय किंवा दुसरी एखादी पात्रता, असा नवा पाया दाखवावा लागतो. तो मिळत नसेल तर निदान पाहुण्याचा दर्जा मागतां येतो. त्यानें काम करतां येत नाहीं. पण वास्तव्य कायदेशीर राहतें, आणि आवराआवर करून सन्मानानें परत येण्यास सवड मिळते.

तिसरा प्रकार संशयाचा. पूर्वीं परवान्याबाहेरचें काम केलें होतें काय, दाखला खरा आहे काय, अशी शंका अधिकाऱ्यास आलेली असते. येथें खरें तें पुराव्यासह सांगणें हाच उपाय. खोटी माहिती देणें किंवा महत्त्वाची गोष्ट दडविणें सिद्ध झालें, तर त्या देशाचें दार ५ वर्षें बंद होतें. ९० दिवस चुकल्यानें झालेलें नुकसान परवडलें, पण हें नव्हे.

प्रत्यक्ष अर्ज फारसा अवघड नाहीं. तो ऑनलाइन भरावयाचा असतो. त्यांत दोन मागण्या एकदम करावयाच्या असतात: गेलेला दर्जा परत मिळावा, आणि कामाचा नवा परवाना मिळावा. दोहोंची फी निरनिराळी असते. एकच भरली तर अर्ज अपुरा ठरतो. सोबत एक पत्र जोडावें. त्यांत दर्जा केव्हां व कसा गेला, नकाराचें कारण काय होतें, तें कसें दूर केलें, आणि काम कोणत्या दिवशीं थांबविलें, एवढें तारखांसह सरळ सांगावें. करुणेची याचना किंवा सरकारवरील टीका यांचा तेथें उपयोग नसतो. मालकानें दिलेलें काम थांबल्याचें पत्र व वेतनाची अखेरची पावती जोडल्यास तिसऱ्या खांबास बळकटी येते.

पत्नी व मुलें बरोबर असतील तर प्रत्येकाचा दर्जा स्वतंत्र असतो. पतीच्या परवान्याच्या आधारावर मिळालेला पत्नीचा परवाना आणि मुलांचीं कागदपत्रें यांच्या तारखा वेगळ्या काढून पाहाव्या, आणि ज्याचा ज्याचा दर्जा गेला असेल त्याचा अर्ज वेगळा करावा. प्रांताच्या आरोग्यविम्याचा हक्कहि बहुधा परवान्याशीं बांधलेला असतो; म्हणून त्याचीहि चौकशी त्याच आठवड्यांत केलेली बरी.

या अवधींत देश सोडूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. कारण दर्जा परत देण्याची ही सोय कॅनडांत असलेल्या माणसासाठींच आहे. पूर्वीं कित्येक लोक परवान्याच्या कामासाठीं अमेरिकेच्या सरहद्दीपर्यंत जाऊन तेथूनच परत फिरत व नाक्यावर नवा परवाना मागत. तो मार्ग २३ डिसेंबर २०२४ पासून बहुतेकांना बंद झाला आहे. तो अजून चालतो असें सांगणारा मनुष्य जुनी माहिती विकीत आहे, असें समजावें. सल्ला घ्यावयाचीच असेल तर तेथील प्रांताच्या वकीलमंडळाचा सभासद असलेल्या वकिलाची, किंवा सन २०२१ मध्यें सुरू झालेल्या स्थलांतर-सल्लागारांच्या अधिकृत कॉलेजाच्या यादींत नांव असलेल्या माणसाची घ्यावी. ही यादी कोणालाहि पाहतां येते.

नकारच मुळांत चुकीचा होता असें वाटत असेल तर फेडरल कोर्टाकडे दाद मागतां येते. पण कॅनडांत झालेल्या निर्णयाबाबत त्यासाठीं निर्णय कळल्यापासून १५ दिवसांचीच मुदत आहे, आणि प्रथम कोर्टाची परवानगी लागते. म्हणजे ९० दिवसांच्या पोटांत १५ दिवसांची दुसरी मुदत दडलेली असते. पत्र येऊन पंधरवडा केवळ चिंतेंत गेला, कीं हा मार्ग बहुधा मिटतो.

नव्वद दिवसहि उलटले, किंवा परत मागितलेला दर्जा मिळाला नाहीं, तर देश सोडावा लागतो. अपवादात्मक परिस्थितींत तात्पुरत्या वास्तव्याची खास परवानगी मागतां येते, पण तिचा भरंवसा धरतां येत नाहीं. स्वतः होऊन परत येणें आणि हद्दपारीचा हुकूम होऊन परत येणें, यांत महदंतर आहे. पहिल्या प्रकारांत पुढें पुन्हां अर्ज करण्याची वाट मोकळी राहते. दुसऱ्यांत हुकुमाच्या प्रकाराप्रमाणें एका वर्षाची किंवा त्याहून अधिक बंदी येऊं शकते.

ही नव्वद दिवसांची सवड सर्वत्र आहे असें मात्र समजूं नये. इंग्लंडांत मुदत संपल्यावर उशिरा केलेल्या अर्जास सामान्यतः १४ दिवसांची मर्यादा आहे, आणि उशिराचें सबळ कारण द्यावें लागतें. अमेरिकेंत मुदतीपूर्वीं वाढ मागितली असेल तर त्याच मालकाकडे २४० दिवसांपर्यंत काम करतां येतें. पण त्यानंतर नकार आला तर बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जातात, आणि ते १८० हून अधिक झाल्यावर देश सोडल्यास ३ वर्षें व एक वर्ष भरल्यावर सोडल्यास १० वर्षें प्रवेश बंद होतो. आखातांत वास्तव्य बहुधा मालकाच्या नांवाशीं जोडलेलें असतें. संयुक्त अरब अमिरातींत मुदतीबाहेर राहणाऱ्यास दिवसाला ५० दिरहॅम दंड पडतो. तेथें सन २०२४ मध्यें १ सप्टेंबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत माफीची मुदत जाहीर झाली होती. दंड न भरतां परत जाण्याची किंवा कागद नीट करून राहण्याची मुभा त्या काळापुरती होती. अशी माफी सरकारच्या मर्जीनें येते व जाते. कॅनडाचा नियम कायमचा लिहिलेला आहे, हा त्यांतील फरक. आणि म्हणूनच तो माहीत नसल्यामुळें संधि गमावणें अधिक दुःखाचें होय.

या सर्व प्रकरणांत कायद्याइतकाच मनाचा भाग मोठा आहे. गांवांत पेढे वांटून गेलेल्या मुलाला नकाराची गोष्ट घरीं सांगण्याची लाज वाटते. तो महिना-दीड महिना बोलत नाहीं. मधल्या काळांत तो कोठें तरी गुपचुप काम करतो, कोणा दलालाला पैसे देतो, आणि जेव्हां बोलतो तेव्हां ७०-८० दिवस निघून गेलेले असतात. त्याला दोष देण्यापूर्वीं घरानें स्वतःस एक प्रश्न विचारावा: ही बातमी त्यानें पहिल्याच दिवशीं सांगावी, असें वातावरण या घरांत आहे काय?

म्हणून ज्या घरचें माणूस अशा परवान्यावर परदेशीं आहे, त्या घरांतील दिनदर्शिकेवर परवान्याची आणि पासपोर्टची अखेरची तारीख लिहून ठेवावी; मुदत संपण्यापूर्वीं तीन-चार महिने अर्जाची आठवण द्यावी. नकार आलाच तर निर्णयाची तारीख लिहून तेथून १५ वा व ९० वा दिवस मोजावा. आणि त्या दिवशीं फोनवर पहिलें वाक्य असें असावें: “काम थांबव, काळजी करूं नकोस, हप्त्याचें आम्ही पाहतों.” खारेपाटांत खांड बुजवावयास सारा गांव फावडीं घेऊन धांवतो, तो याच विचारानें. पुढच्या उधाणाची तिथि कोणाला पुढें ढकलतां येत नाहीं. पण ती आधींपासून माहीत असते, आणि तेवढ्यावरच जमीन वांचवितां येते.